हात दाखवा, गाडी थांबवा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू परदेशात राहून आलीस, कॉम्प्युटरमधली आहेस, तर त्यावरच बोल." पण कॉम्प्युटरबद्दल मागच्या रांगेत बसलेल्या तुमच्या मुलांना बरंच ठाऊक आहे. म्हणून मी प्रवासावर बोलणार आहे. दोन प्रवास आहेत, दोन्ही एकेका दिवसाचे, दोन्ही रेल्वेने. एक कालचा, मुंबईहून धडगावचा. दुसरा काही वर्षांपूर्वीचा, वेल्समधल्या एका खेड्याचा. आणि शेवटी तुमच्याकडे एक काम मागणार आहे. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे जेवणाची वेळ झाली म्हणून कोणी हळूच उठणार नाही.

मी रेल्वेने येतेय असं ग्रुपवर लिहिलं, तेव्हा पहिलं उत्तर आलं, "धडगावला रेल्वे कधी सुरू झाली?" नाही झाली. आपली रेल्वे नंदुरबारला. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यातलं पहिलं इंजिन तिथेच पाहिलं असेल. रात्रीच्या गाडीने झोपून येता येतं, आणि कारने तर कधीही. पण हा रस्ता उजेडात पाहून मला बरीच वर्षं झाली होती. म्हणून पहाटे बोरिवलीला बसले, सुरतला गाडी बदलली आणि भुसावळकडे जाणारी, सगळीकडे थांबत जाणारी गाडी पकडली.

हा सुरत-भुसावळचा मार्ग साधा नाही. 1900 च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे या कंपनीने सुरत ते अमळनेर असा तो बांधला. व्यवस्था किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीकडे होती. खानदेशचा कापूस बाहेर काढायला रेल्वे हवी होती; आपल्या डोंगरातल्या माणसांचा विचार त्यात होता असं समजायचं कारण नाही. पण रेल्वे एकदा झाली की ती कापसापुरती राहत नाही. माणसं बसतात. आता मार्ग दुहेरी झालाय, वर विजेच्या तारा आल्यात, आणि आपण लहानपणी खिडकीतून पाहिलेली कोळशासारखी काळी डिझेल इंजिनं दिसेनाशी झालीत.

सुरत सुटलं की डब्यात गुजराती असते. बारडोली येते. आपण इतिहासात 1928 चा सत्याग्रह आणि वल्लभभाई पटेल वाचले ती ही बारडोली. पण आपल्या भागातल्या घरांना बारडोली वेगळ्या कारणाने माहीत आहे. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं ते त्या बाजूच्या साखर कारखान्यांकडे. वर्गात दिवाळीच्या सुट्टीनंतर काही बाकं रिकामी राहायची, आठवतं? होळीला ती पोरं परत यायची. मग सर त्यांना चार महिन्यांचं गणित शाळा सुटल्यावर बसवून शिकवायचे. मी इंजिनिअरिंगला जाताना जो रस्ता धरला, त्याच रस्त्याने ती पोरं ऊस तोडायला गेली. हजेरीपटावर एकाखाली एक असलेली नावं त्या रस्त्याने कुठल्या कुठे नेली.

व्यारा गेलं, उकाई-सोनगड गेलं, की डब्यातली गुजराती बदलायला लागते. गामीत, मावची बोलणारी माणसं चढतात. मग नवापूर. या स्थानकाची गंमत तुम्हाला माहीत आहे: अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधून राज्याची हद्द जाते. एक माणूस गुजरातेत बसतो, शेजारी त्याची बायको महाराष्ट्रात. लोक उतरून फोटो काढत होते. घोषणा चार भाषांत होतात: हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती. मला ते आवडलं. पण त्याच वेळी माझ्या समोरच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, आणि त्या बोलत होत्या ती भाषा त्या चारांत नव्हती.

चिंचपाडा, खांडबारा आणि मग नंदुरबार. उतरले तर कानावर अहिराणी. पुढे एसटीत धडगावचे लोक भेटले आणि पावरी सुरू झाली. मी बोटांवर मोजलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मराठी, हिंदी, गुजराती, मावची, अहिराणी आणि पावरी अशा सहा भाषा ऐकल्या. वाटेत वाचलेल्या पाट्यांवर त्यांतल्या तीनच होत्या, आणि चौथी इंग्रजी, जी डब्यात एकदाही ऐकू आली नाही.

हे सगळं मला का जाणवलं, त्यासाठी आता दुसऱ्या प्रवासावर येते.

कंपनीच्या कामासाठी मी वर्षभर कार्डिफला होते. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. आपण सरसकट "इंग्लंड" म्हणतो, पण वेल्स हा वेगळा देश आहे आणि तिथे कोणाला इंग्लिश म्हटलं तर त्याचा चेहरा आपल्याला कोणी गुजराती म्हटल्यावर होतो तसाच होतो. एका शनिवारी मी एकटीच निघाले. स्वान्सीहून श्रूजबरीकडे एक छोटा मार्ग जातो, त्याला "हार्ट ऑफ वेल्स" म्हणतात, म्हणजे वेल्सचं काळीज. सुमारे चार तासांचा प्रवास, दिवसाला चार-पाचच गाड्या आणि गाडी म्हणजे एक किंवा दोन डबे. आपल्या एसटीला रुळावर चढवलं तर दिसेल तशी.

मला कंगहॉर्डी नावाच्या खेड्याला उतरायचं होतं. काही घरं, कुरणं, मेंढ्या आणि दरीवरून जाणारा 18 कमानींचा दगडी रेल्वे पूल. तो पाहायचा होता. तिकीट तपासायला आलेल्या माणसाला मी गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं सांगितलंत, नाहीतर गाडी थांबली नसती. तिथली बरीच स्थानकं अशी आहेत की कोणी उतरणार असेल तर आधी सांगायचं, आणि चढायचं असेल तर फलाटावर उभं राहून ड्रायव्हरला हात दाखवायचा. कोणीच नसेल तर गाडी सरळ पुढे जाते.

मी मोठ्याने हसले. त्याला वाटलं मी त्याच्या रेल्वेला हसतेय. मी सांगितलं, माझे वडील आयुष्यभर हेच करत होते.

तुमच्यापैकी अनेकांना बाबा आठवत असतील. आई इथे रुग्णालयात नर्स होती आणि बाबा एसटीत कंडक्टर. त्यांची मुक्कामी गाडी धडगावला असली की आमच्या घरी सण. "हात दाखवा, गाडी थांबवा" ही एसटीची पाटी नंतर आली असेल, पण डोंगरातल्या फेऱ्यांना ती पाटी कधी लागलीच नाही. पाड्याकडे जाणारी पायवाट जिथे रस्त्याला मिळते, तिथे आमचुराची गोणी घेऊन कोणी उभं असलं की बाबा दोरी ओढायचे. तिकिटाच्या तक्त्यात त्या जागेचं नाव नसायचं. मग पुढच्या टप्प्याचं तिकीट फाडायचं. पण बाबांना प्रत्येक जागेचं नाव माहीत होतं, पावरीत. ते मूळचे अमळनेरकडचे, घरात अहिराणी. पावरी शिकले ती गाडीतच, कारण म्हातारी बाई कुठे उतरणार हे कळल्याशिवाय तिकीट कसं देणार?

वेल्सच्या त्या गाडीत माझ्या पलीकडे एक आजीबाई नातवाशी वेल्श बोलत होत्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला गावांची नावं कशी म्हणायची ते शिकवलं. तिथे इंग्रजी लिपीत दोन एल जोडून लिहितात. जीभ आपल्या "ल"च्या जागी ठेवायची आणि बाजूने नुसती हवा सोडायची. मी पाच-सहा वेळा प्रयत्न केला, नातू पोट धरून हसला. आजीबाईंना मात्र खूप आनंद झाला होता. इतक्या लांबून आलेली बाई आपल्या गावाचं नाव नीट म्हणायला बघतेय, एवढंच त्याचं कारण.

त्या भाषेचं काय झालं होतं ते मी नंतर वाचलं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या काही शाळांमध्ये वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवायचे. त्याने दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडलं की तुकडा त्या दुसऱ्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्याकडे तो असेल त्याला छडी. वर्गमित्रांनीच वर्गमित्राला पकडून द्यायचं! हे वाचताना मला आपल्या सरांचा अभिमान वाटला. पाड्यावरून नवीन आलेला मुलगा मराठीत उत्तर देऊ शकला नाही तर सर त्याच्याशेजारी पावरी आणि मराठी दोन्ही येणारा मुलगा बसवायचे आणि म्हणायचे, "तू त्याचं ऐक आणि मला सांग." मीही त्या बाकावर बसून थोडी पावरी शिकले. गळ्यात काही अडकवण्याऐवजी शेजारी कोणी बसवायचं, हे आपल्या शाळेने आपल्याला दिलेलं मोठं शिक्षण आहे.

वेल्समध्ये आणखी एक गोष्ट घडली, ती इथे सांगितलीच पाहिजे. उत्तर वेल्समध्ये ट्रवेरिन नावाचं खोरं आहे. त्यात कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव होतं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून 1957 मध्ये ब्रिटिश संसदेने धरणाचा कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरी तो झाला. 1965 मध्ये धरण सुरू झालं. शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, शेतं पाण्याखाली गेली. त्या खोऱ्यातून जाणारा रेल्वेमार्गही गेला. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने 2005 मध्ये त्याबद्दल माफी मागितली. वेल्समध्ये एका पडक्या भिंतीवर कोणीतरी रंगवलं होतं: "ट्रवेरिन लक्षात ठेवा." ती भिंत अजून जपतात.

सभागृह शांत झालंय. ते का, हे मला माहीत आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं गेली, ती सगळी अक्कलकुवा आणि आपल्या अक्राणी तालुक्यातली. आपल्या वर्गातल्या काहींची घरं त्यात होती. काही जण आज रोझवा, सोमावलच्या पुनर्वसन वसाहतींतून इथे आलेत. 2019 मध्ये धरण पहिल्यांदा पूर्ण 138.68 मीटरपर्यंत भरलं, तेव्हा आपल्या ग्रुपवर एकाने पाण्याचा फोटो टाकला आणि खाली काहीच लिहिलं नाही. उरलेल्या काठावरच्या पाड्यांना अजून बोटीतला तरंगता दवाखाना जातो. माझी आई त्याबद्दल बोलताना म्हणायची, रस्ता नसला तरी दवाखान्याला वाट काढावीच लागते.

धरण बरोबर की चूक यावर मला आज बोलायचं नाही. तुमच्यात दोन्ही बाजूंची माणसं आहेत आणि ज्यांनी ते भोगलंय त्यांच्यासमोर मी बोलू नये. मला फक्त एवढंच सांगायचं आहे की गाव गेलं की गावाच्या आतली नावंही जातात. नाल्याचं नाव, टेकडीचं नाव, पायवाट रस्त्याला मिळते त्या जागेचं नाव. ती कुठल्याच नकाशावर नसतात. बाबांसारख्या माणसांच्या डोक्यात असतात, आणि बाबा आता नाहीत.

वेल्शचं पुढे काय झालं? 2021 च्या जनगणनेत वेल्श येणारे लोक सुमारे 5 लाख 38 हजार होते. लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. तरी कार्डिफच्या स्थानकावर घोषणा आधी वेल्शमध्ये होते, मग इंग्रजीत. रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत. 2011 पासून तिला अधिकृत भाषेचा दर्जा आहे. आता आपल्याकडचा आकडा ऐका. भारताच्या 2011 च्या जनगणनेत भिली-भिलोडी या गटात 1 कोटी 4 लाखांच्या वर लोक मोजले गेले, आणि पावरी त्याच गटात धरतात. वेल्शच्या जवळजवळ वीसपट. ती भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि स्थानकावरच्या घोषणेतही नाही.

"हार्ट ऑफ वेल्स"चा मार्गही बंद व्हायला आला होता. 1963 नंतर ब्रिटनमध्ये तोट्यातले असंख्य छोटे मार्ग बंद झाले. हा वाचला. तिथले लोक हसत सांगतात की तो अटीतटीच्या सहा मतदारसंघांतून जातो, म्हणून वाचला. 1987 मध्ये पुरात त्याच मार्गावरचा एक पूल कोसळला, गाडी नदीत गेली, चार जण गेले. तेव्हा मार्ग कायमचा बंद करायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं. पण पूल पुन्हा बांधला. मी बसले तेव्हा गाडीत वीस-बावीस माणसं असतील. कंगहॉर्डीला उतरणारी मी एकटी. तरी गाडी थांबली, दार उघडलं, मी उतरले, तपासनीसाने हात हलवला. त्या एका मिनिटाचा हिशेब कुठल्याही तक्त्यात बसत नाही, पण त्याच मिनिटामुळे ते खेडं अजून राहण्यासारखं आहे. संध्याकाळी परतताना मी रिकाम्या फलाटावर हात वर करून उभी राहिले, तेव्हा मला बाबांच्या गाडीसाठी उभ्या राहणाऱ्या सगळ्या माणसांची आठवण झाली.

काल नंदुरबारहून एसटी मिळाली. प्रकाशाला तापी ओलांडली, तळोदा मागे पडलं, अस्तंब्याचा डोंगर दिसायला लागला आणि गाडी चांदसैलीच्या घाटात शिरली. पावसाळ्यात इथे दरड आली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. घाट बंद झाला की दवाखानाही लांब जातो. घाटात एका वळणावर एक मुलगी दप्तर घेऊन उभी होती. तिने हात दाखवला. गाडी थांबली. कंडक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "कुठे?" ती नाव बोलली, ते त्याला कळलं नाही. त्याच्या हातातल्या तिकिटाच्या मशीनमध्ये ते नाव नव्हतं. ती पुन्हा बोलली, जरा हळू आवाजात. शेवटी मागून एका बाबांनी सांगितलं, "अमुक वळणाच्या पुढे." मशीनमधलं पुढचं नाव दाबून तिकीट निघालं. कंडक्टर वाईट वागला नाही, उलट हसून बोलला. पण त्या मुलीचा आवाज दुसऱ्यांदा हळू झाला, ते माझ्या लक्षात राहिलं.

तर आता ते काम.

मी सॉफ्टवेअर करते, म्हणून एवढं खात्रीने सांगू शकते की स्थानकावरची घोषणा हा काही चमत्कार नाही. आधी ध्वनिमुद्रित केलेले छोटे तुकडे असतात: "गाडी", "कडे जाणारी", गावाचं नाव, आकडे. कॉम्प्युटर ते मोत्यांसारखे ओवतो. नवीन भाषा घालायची म्हणजे नवीन आवाजात तेच तुकडे पुन्हा बोलायचे. पावरी देवनागरीत लिहिता येते, त्यामुळे फलकासाठी वेगळा कीबोर्डसुद्धा लागत नाही. अवघड भाग कॉम्प्युटरचा नाही. अवघड भाग आहे बरोबर नावं आणि बरोबर उच्चार, आणि तो फक्त तुमच्याकडे आहे.

माझी विनंती अशी. धडगावहून जाणाऱ्या प्रत्येक फेरीवर गाडी जिथे जिथे थांबते, तक्त्यात असो वा नसो, त्या प्रत्येक जागेचं नाव, तिथल्या माणसाच्या तोंडून, फोनवर रेकॉर्ड करायचं. पावरी जागेचं पावरीत, भिली जागेचं भिलीत. बुडालेल्या गावांची नावंसुद्धा, आतल्या नाल्या-टेकड्यांसह. तुम्ही आवाज पाठवा, ते नीट लावून, त्यातून घोषणा तयार करण्याचं काम माझं. येत्या दिवाळीपर्यंत मी ते करून देईन. मग आपल्या माजी विद्यार्थी संघाच्या नावाने रीतसर अर्ज करू आणि बसस्थानकावर मराठीनंतर पावरीत घोषणा व्हावी म्हणून परवानगी मागू. परवानगीला वेळ लागला तरी नावं तर जमा झालेली असतील. शाळेत पाचवीच्या वर्गात ती वाजवता येतील. 1990 च्या दशकात नर्मदाकाठी सुरू झालेल्या जीवनशाळांनी लहान मुलांना त्यांच्या बोलीतून शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे आपल्या खिशातल्या फोनपेक्षा फारच कमी साधनं होती.

आपली बॅच शाळेतून बाहेर पडली तेव्हा दाखल्यावर जिल्हा धुळे लिहिलेला होता. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा झाला. कागदावरची नावं बदलतात, बदलू देत. पण गाडी थांबते त्या जागेचं नाव तिथल्या मुलीने एकदाच, मोठ्याने सांगावं आणि समोरच्याला ते कळावं, एवढं आपल्याला जमण्यासारखं आहे.

यादीचा कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. प्रत्येकाने जेवायला जाण्याआधी आपल्या गावाच्या फेरीसमोर सही करायची आहे. सर, पहिली सही तुमची हवी, कारण रिकाम्या बाकावर कोणाला बसवायचं हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत.